गव्हाणच्या आकाशातील दोन घारी

गव्हाणच्या आकाशात घार दिसली नाही असा दिवस सहसा जात नाही. सकाळची वंदना आटोपून विद्यार्थी वर्गांकडे वळतात तेव्हा जमीन तापू लागलेली असते, आणि वर चढणाऱ्या उष्ण हवेवर पंख न हलविता घारी घिरट्या घेऊ लागतात. उलव्याच्या उंच इमारती, न्हावा-शेव्याचे बंदर, खाडीकाठची खारफुटी आणि मधूनमधून उरलेली भातखाचरे असा आपला परिसर आहे. घारींना तो मानवलेला दिसतो. मात्र बारकाईने पाहणाऱ्यास येथे एक नव्हे, दोन प्रकारच्या घारी आढळतात. एक सर्वांच्या परिचयाची, काळपट तपकिरी, दुभंगलेल्या शेपटीची. दुसरी आकाराने लहान. डोके, मान व छाती शुभ्र आणि उरलेले अंग विटकरी तांबडे असणारी. ही खाडीच्या बाजूस अधिक दिसते. पहिलीस मराठीत नुसते 'घार' म्हणतात. दुसरीस पुस्तकांत 'ब्राह्मणी घार' असे नाव आहे. या दोन पक्ष्यांची तुलना करावी आणि ती करताना त्यांच्या नावांचाही इतिहास तपासावा, हा या लेखाचा हेतू आहे. आम्ही पक्षिशास्त्राचे अभ्यासक नसून इतिहासाचे शिक्षक आहोत. नावांच्या इतिहासात आमचे मन अधिक रमले तर वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम नाते पाहू. गरुड, ससाणे म्हणून सरसकट ओळखले जाणारे बहुतेक शिकारी पक्षी, आपल्याकडील गिधाडे आणि घारी यांचा समावेश शास्त्रज्ञ ॲक्सिपिट्रिडी नावाच्या एका कुलात करतात. कुलाच्या पोटात प्रजाती आणि प्रजातीच्या पोटात जाती, अशी ही उतरंड आहे. आपल्या दोन्ही घारी एका कुलातील. पण त्यांच्या प्रजाती भिन्न. साधी घार मिल्व्हस प्रजातीची, तांबडी घार हॅलिॲस्टर प्रजातीची. मिल्व्हस हा घारीसाठीचा जुना लॅटिन शब्द, तर हॅलिॲस्टर म्हणजे समुद्रावरचा ससाणा. आनुवंशिक द्रव्याच्या आधारे झालेल्या अलीकडील अभ्यासांत असे दिसून आले आहे, की या दोन प्रजाती एकमेकींच्या अगदी निकटच्या असून समुद्रगरुड हे त्यांचे पुढचे नातलग होत. कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड अधूनमधून दिसतो, तो याच नात्यातला.

दोघींचे शास्त्रीय बारसे एकाच वर्षी, एकाच ग्रंथात झाले. हॉलंडमधील पीटर बॉडार्ट या वैद्य-निसर्गतज्ज्ञाने १७८३ साली फ्रान्समधील रंगीत पक्षिचित्रांच्या एका प्रसिद्ध संग्रहाची सूची तयार करून चित्रांतील पक्ष्यांना लॅटिन नावे दिली. साध्या घारीस त्याने 'मायग्रान्स' म्हणजे स्थलांतर करणारी म्हटले, आणि तांबड्या घारीस 'इंडस' म्हणजे भारतातली. पुढे १८३२ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. हा मुंबई इलाख्याच्या सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी होता आणि त्या कामाच्या ओघात त्याने येथील पक्षी व प्राणी टिपून ठेवले. आपल्याकडील साध्या घारीचे वर्णन त्याने 'गोविंद' या नावाने केले. आजही भारतात कायम राहणाऱ्या तिच्या उपजातीचे ते नाव कायम आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

आता रूप. साधी घार सुमारे ६० सेंटिमीटर लांब, पंख पसरले असता दीड मीटरच्या आसपास भरते. तांबडी घार सुमारे ४८ सेंटिमीटर, वजनाने तर पुष्कळच हलकी. दोघींतील खरी खूण रंगात नाही, शेपटीत आहे. साध्या घारीच्या शेपटीच्या मध्यभागी खाच असते. वळताना ती शेपटी सुकाणूप्रमाणे पिळते आणि खाच स्पष्ट दिसते. तांबड्या घारीची शेपटी टोकाशी गोल असते. रंगावर विसंबू नये असे सांगण्याचे कारण असे, की तांबड्या घारीची पिल्ले जन्मतः तांबडी-पांढरी नसतात. ती तपकिरी असतात, इतकी की दुरून साध्या घारीपासून वेगळी काढणे कठीण. पांढरी छाती आणि विटकरी पाठ त्यांना टप्प्याटप्प्याने, दोन-तीन वर्षांत लाभते. तोवर गोल शेपटी हीच त्यांची ओळख. आवाजही निराळा असतो. साधी घार शिळेसारखा लांब, थरथरणारा स्वर काढते. तांबडीचा आवाज नाकातून आल्यासारखा, किंचित कुरकुरता.

आहाराचा विषय थोडा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण नावांची सारी भानगड तेथेच आहे. साधी घार काय खात नाही, असे विचारणे सोपे. उंदीर, सरडे, बेडूक, कोंबडीची पिल्ले, पावसाळ्याच्या तोंडी जमिनीतून उडणारी पंखवाली वाळवी, मेलेली जनावरे, खाटिकखान्याबाहेर टाकलेली आतडी, उकिरड्यावरचे उष्टे, सर्व काही. तिचे पंजे व चोच गरुडाइतकी बलदंड नसतात. मोठे भक्ष्य मारणे तिला जमत नाही. तिचे सामर्थ्य वळण्याच्या चपळाईत आहे. भर बाजारात, माणसांच्या व विजेच्या तारांच्या गर्दीतून खाली येऊन ती हातातला घास उचलते आणि कोणाला पंखही लागू देत नाही. आपल्या कोळीवाड्यांत जवळा, बोंबील वाळत घातले की त्यांवर जाळे पसरून कोणीतरी राखण बसते, ते कावळ्याइतकेच तिच्यासाठीही. या कौशल्यामुळेच ती युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया अशा चार खंडांत पसरली. जगात सर्वाधिक संख्येने असलेल्या शिकारी पक्ष्यांत तिची गणना होते. दिल्लीसारख्या शहरात तर घरट्यांची एवढी दाटी आहे की तेथे त्यांवर वर्षानुवर्षे संशोधन चालू आहे. हिवाळ्यात तिचेच मध्य आशियातील भाऊबंद हिमालय ओलांडून भारतात उतरतात. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविलेल्या काही घारी दिल्लीहून परतताना कझाकस्तान, रशिया व मंगोलियापर्यंत गेल्याची नोंद झाली आहे. बॉडार्टने दिलेले 'स्थलांतर करणारी' हे नाव असे सार्थ ठरते.

तांबड्या घारीचा संसार पाण्याकाठचा. भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत खाड्या, खारफुटी, तलाव, भातशेती जेथे आहे तेथे ती असते. ओहोटीच्या वेळी खाजणात ती संथपणे फिरते आणि चिखलावरची चिंबोरी किंवा निवटी वरच्या वर उचलते. पाण्यात ती बुडी मारत नाही. पृष्ठभागाशी आलेला मासा पायांनी टिपते आणि पुष्कळदा उडता उडताच खाते. बेडूक, लहान साप, पंखवाली वाळवी तिलाही चालते. मात्र जिवंत शिकारीपेक्षा मेलेला मासा सोपा, हे तिलाही ठाऊक आहे. भरतीने काठावर आणून टाकलेली मेलेली मासळी, होड्यांवरून फेकलेला निरुपयोगी माल, बंदरात जहाजांवरून पाण्यात पडणारे खरकटे हा तिच्या आहाराचा मोठा भाग आहे. बंदरातल्या पाण्यावर दोन्ही घारी एकाच कचऱ्याभोवती फिरताना दिसतात. एकीने तुकडा उचलला की दुसरी तिच्या मागे लागते आणि तो टाकावयास लावते. मज्झिम निकायातील पोतलिय सुत्तात हेच दृश्य उपमा म्हणून येते: मांसाचा तुकडा घेऊन उडालेल्या गिधाडावर वा घारीसारख्या पक्ष्यावर इतर पक्षी तुटून पडतात, आणि तुकडा सोडल्याखेरीज त्याची सुटका होत नाही. तृष्णेविषयी सांगण्यासाठी ही उपमा योजली आहे. पण ज्याने ती प्रथम योजली त्याने पक्षी नीट पाहिले होते, एवढे निश्चित.

तात्पर्य, मेलेले व टाकलेले खाणे हा दोघींचाही धर्म आहे. असे असता इंग्रजी पक्षिग्रंथांनी एकीला 'ब्राह्मिनी काइट' म्हटले आणि दुसरीला 'परैया काइट'. दुसरे नाव आज फारसे ऐकू येत नाही म्हणून नव्या वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे, आणि सलीम अली यांच्या १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांतही ते आढळते. एकाच कुलातील दोन पाखरांमध्ये वर्णव्यवस्थेची दोन टोके अशी वाटून दिली गेली.

'ब्राह्मिनी' हे नाव पडण्यामागे या पक्ष्यास विष्णूचे वाहन गरुड मानण्याची प्रथा आहे. दक्षिणेत ती विशेष रूढ आहे. केरळात याच पक्ष्यास 'कृष्णपरुंदु' म्हणतात. इंग्रजांनी देवळाशी संबंध असलेल्या किंवा पवित्र समजल्या जाणाऱ्या पुष्कळ प्राण्यांना हे विशेषण सरसकट लावले. देवाला सोडलेला पोळ त्यांच्या लेखी 'ब्राह्मिनी बुल' झाला, चक्रवाक 'ब्राह्मिनी डक' झाला आणि भांगपाडी मैना 'ब्राह्मिनी मैना' झाली. शेवटचे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. मराठी माणसाने त्या मैनेच्या डोक्यावरचे काळे, मागे वळविलेले केस पाहिले आणि तिला भांगपाडी म्हटले. म्हणजे पाखराकडे पाहून नाव दिले.

'परैया' शब्दाचा प्रवास अधिक दुःखद आहे. तमिळ प्रदेशातील परैयर हा एक मोठा समाज. 'परै' म्हणजे ढोल, आणि ते वाजविणाऱ्यांवरून हे नाव आले, असे सामान्यतः सांगितले जाते. युरोपीय प्रवाशांनी व अधिकाऱ्यांनी या एका समाजाचे नाव उचलून सर्व अस्पृश्यांना लावले. तेथून ते इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाचे सामान्य नाम झाले. मग बेवारशी कुत्रा 'परैया डॉग' झाला आणि उकिरड्यावरची घार 'परैया काइट'. जिवंत माणसांच्या एका समाजाचे नाव टाकाऊपणाचा पर्याय म्हणून जगभर पसरले, आणि ते लिहिणाऱ्यांना त्यात काही गैर वाटले नाही.

ज्यांचे ते नाव होते त्यांनी मात्र त्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये मद्रासेत वृत्तपत्र काढले आणि त्याचे नावच 'परैयन' ठेवले. हेच श्रीनिवासन पुढे १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. त्याच समाजात जन्मलेले पंडित अयोतीदास यांनी निराळा मार्ग घेतला. परैयर हे मूळचे बौद्ध होत, अशी मांडणी करून त्यांनी १८९८ मध्ये बौद्ध धम्माचा स्वीकार केला, मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला आणि १९०७ पासून एक पैसा किमतीचे तमिळ साप्ताहिक चालविले. नागपूरच्या दीक्षेपूर्वी ५८ वर्षे घडलेली ही घटना आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. एकाने नाव मस्तकी धारण केले, दुसऱ्याने त्यामागचा इतिहास उलटून दाखविला. पक्षिग्रंथ लिहिणारे साहेब त्याच शहरातून ये-जा करीत होते.

मृताहाराचा प्रश्न आमच्या जिल्ह्यास तर अधिकच जवळचा आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात, जी परिषद भरली तीत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस व उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले होते. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांनाच त्या कामावरून अपवित्र ठरविले गेले. गावाची स्वच्छता ज्याने राखायची त्यालाच अस्वच्छ म्हणावयाचे, हा तर्क माणसांवरून घारीपर्यंत पोहोचला. घारीच्या बाबतीत तो किती पोकळ आहे हे बंदराच्या धक्क्यावर अर्धा तास उभे राहिले तरी कळते. दोघी एकच कुजकी मासळी खातात. फरक छातीच्या रंगाचा. शिवाय साइक्सने दिलेले नाव आठवावे. विष्णूच्या वाहनाचा मान जिला मिळाला तिच्या शास्त्रीय नावात भारताखेरीज काही नाही, आणि जिला परैया म्हटले तिच्या शास्त्रीय नावात 'गोविंद' बसला आहे. मराठी परंपरेतही संत जनाबाईंनी विठ्ठलाच्या मायेला उपमा शोधली ती आकाशात हिंडून पिल्लांकडे झेपावणाऱ्या घारीची. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या त्या कवयित्रीस हा पक्षी ओवाळून टाकलेला वाटला नव्हता.

सातवीच्या वर्गात एकदा प्रश्न आला होता, "सर, पक्ष्यांनापण जात असते का?" मराठीची अडचण ही, की 'जात' हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो. या प्रश्नाचे उत्तर सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, यावर वाद घालीत भगवंतांकडे आले. भगवंतांनी त्यांना आधी गवत व झाडे दाखविली, मग कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी. या प्रत्येकात जन्मतः वेगवेगळी चिन्हे आहेत व त्यांवरून त्यांच्या जाती निरनिराळ्या ठरतात, असे सांगितले. नंतर माणसाचे केस, कान, डोळे, हात, पाय एकेक घेऊन दाखविले, की माणसामाणसांत असे जातिदर्शक चिन्ह कोठेही नाही. तेथे भेद आहे तो केवळ व्यवहारातल्या नावाचा. आम्ही या सुत्ताकडे जीवशास्त्राचा पाठ म्हणूनही पाहतो. खाच असलेली शेपटी व गोल शेपटी हा खरा भेद आहे, तो जन्मतः आहे, आणि या दोन घारींचा वंश एकमेकींत मिसळून चालत नाही. माणसांत असे काही नाही.

'परैया काइट' हे नाव आता पुस्तकांतून गेले आहे. तिला जगभर 'ब्लॅक काइट' म्हणतात. जगातील पक्ष्यांची इंग्रजी नावे एकसारखी असावीत म्हणून युरोपात रूढ असलेले नाव सर्वत्र घेतले गेले, एवढेच त्याचे कारण दिसते. कोणाला पश्चात्ताप झाला म्हणून ते गेले असे मानण्यास आधार नाही. जोडीतील वरचे नाव मात्र जागेवर आहे. स्पर्धा परीक्षेत प्रश्न आला तर 'ब्राह्मणी घार' हेच उत्तर लिहावे लागेल, म्हणून विद्यार्थ्यांना ते आम्ही शिकवितो. वर्गात आणि भित्तिपत्रकावर 'तांबडी घार' लिहितो. ऑस्ट्रेलियात तिला पूर्वी 'तांबड्या पाठीचा समुद्रगरुड' म्हणत असत, इंडोनेशियाच्या जाकार्ता शहराने 'एलांग बोंडोल' या नावाने तिला आपले मानचिन्ह केले आहे. पक्षी तोच. नाव एकच असले पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

वीण दोघींची साधारण एकाच काळात, डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत होते. साधी घार आंबा, पिंपळ, वड, नारळ, मोबाइलचा मनोरा, विजेचा खांब, जे उंच मिळेल त्यावर काटक्यांचा ढिगारा रचते आणि त्यात चिंध्या, तारा, दोऱ्या, कागद घालते. स्पेनमधील घारींच्या एका अभ्यासात, तो २०११ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की सशक्त जोड्या घरटे पांढऱ्या प्लास्टिकने सजवितात आणि ते पाहून इतर घारी तेथे कुरापत काढण्याचे टाळतात. तांबडी घार पाण्यालगतचे झाड पसंत करते. खारफुटी किंवा नारळ. दोन अंडी, आणि सुमारे २६-२७ दिवसांची उबवण. साध्या घारीस त्याहून काही दिवस अधिक लागतात.

आपल्या परिसरात या दोघींचे भवितव्य सारखे नाही. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला, नदीचा प्रवाह वळविला गेला. भूमिपुत्रांनी यात काय गमावले हा निराळ्या लेखाचा विषय आहे. साधी घार या बदलास पुरून उरेल. वस्ती वाढली की कचरा वाढतो आणि कचरा वाढला की ती वाढते. तांबडी घार खाजण, खारफुटी व भातशेतीवर जगते आणि नेमके तेच येथे कमी होत आहे. जगाचा विचार करता दोन्ही पक्षी संकटग्रस्त नाहीत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने दोघींनाही संरक्षण आहे. पण अधिनियम पक्ष्याला मारण्यापासून वाचवितो. त्याचा चिखल कोणी भराव घालून बुजविला तर पक्षी मुकाट्याने दुसरीकडे जातो.

विमानतळामुळे आणखी एक गोष्ट उद्भवली आहे. उष्ण हवेवर घिरट्या घेणारी घार विमानाच्या वाटेत आली तर विमानास व प्रवाशांस धोका होतो. म्हणूनच १९३७ च्या विमान नियमांत विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे व पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकणे यांस मनाई आहे. गव्हाण या अंतराच्या आत येते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील उष्टे आता झाकणाच्या पिंपात ठेवून ओला कचरा वेगळा करावा, आणि मैदानामागे काही टाकू नये, असे विद्यार्थी परिषदेने ठरविले आहे ते या दृष्टीनेही योग्य आहे.

येत्या हिवाळ्यात दोन्ही घारींच्या घरट्यांची नोंद ठेवण्याचे काम आठवी व नववीच्या मुला-मुलींकडे दिले आहे. तारीख, झाड, शेपटीचा आकार आणि चोचीतून काय आणले, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहावयाच्या आहेत. गव्हाण, न्हावा, शेलघर किंवा जासई येथील माजी विद्यार्थ्यांना आपल्या घराजवळच्या नारळावर गोल शेपटीची घार बसलेली आढळल्यास त्यांनी ती माहिती विज्ञान शिक्षकांकडे पाठवावी. तपकिरी असली तरी पाठवावी; पहिल्या वर्षीचे पिल्लू असू शकेल.